हौशी रेडिओचा अँटेना-स्तंभ जमिनीवर जुळविताना उभा धरण्याचे तंत्र : भातकुली परिसरातील काळ्या जमिनीच्या संदर्भात

प्रस्तावना :

हौशी रेडिओ अर्थात 'हॅम' हा छंद महाविद्यालयीन विज्ञान मंडळांना नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला झालेला भूकंप, २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप आणि डिसेंबर २००४ मधील त्सुनामी या तिन्ही प्रसंगी दूरध्वनी बंद पडले असताना हौशी रेडिओचालकांनी निरोपांची देवाणघेवाण केली. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद व त्यांचे सहकारी याच छंदासाठी अंदमानात गेलेले होते. ५ मे २००५ रोजी 'इस्रो'ने खास हौशी रेडिओसाठी 'हॅमसॅट' हा लहान उपग्रह सोडला व तो २०१४ पर्यंत कार्यरत राहिला. या विषयावर मराठीतून जे लेखन झाले आहे त्यात परवाना, परीक्षा, संकेतलिपी आणि विद्युत्-मंडले यांचे विवेचन सापडते. परंतु अँटेना ज्या नळीवर बसवायची ती नळी जमिनीवर जुळविताना उभी कशी धरावी, हा प्रश्न मात्र 'मग स्तंभ उभा करावा' या चार शब्दांत संपविला जातो. प्रत्यक्षात अपघात होतात ते याच चार शब्दांच्या आत.

प्रस्तुत लेखात याच टप्प्याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. संदर्भासाठी अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्याची जमीन घेतली आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरच्या खारपाणपट्ट्यात हा तालुका मोडतो. येथे खडक वा मुरूम हाताशी लागत नाही. खोलवर गाळ आणि वर काळी चिकण माती, अशी रचना आहे. इंग्रजी पुस्तिकांतील सूचना ज्या जमिनीला गृहीत धरून लिहिलेल्या असतात ती ही जमीन नव्हे.

परिभाषेविषयी थोडे. जहाजाच्या मास्टला मराठीत 'डोलकाठी' हा सुंदर शब्द आहे, परंतु डोलू नये हीच येथे अपेक्षा असल्याने 'स्तंभ' हा शब्द वापरला आहे. स्तंभाला चहूबाजूंनी बांधणाऱ्या तारेला वा दोराला लाईनमन मंडळी 'स्टे' म्हणतात. या लेखात त्यास 'ताण' म्हटले आहे.

उंची किती हवी :

स्तंभाची उंची ही हौसेची बाब नसून गणिताची आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अँटेनेची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळास ४.१२ ने गुणले असता रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ९ मीटर उंचीला हे अंतर सुमारे १२.४ किलोमीटर येते. समोरच्या केंद्राची अँटेना २० मीटरवर असेल तर त्याचे १८.४ किलोमीटर त्यात मिळवावयाचे, म्हणजे दोहोंतील संपर्क सपाट प्रदेशात ३० किलोमीटरपर्यंत अपेक्षिता येतो. भातकुलीहून अमरावती शहर वीस किलोमीटरांच्या आत आहे. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याच्या ठिकाणी विनामध्यस्थ बोलावयाचे तर ९ मीटरचा स्तंभ पुरेसा आहे. ४० मीटर पट्ट्याच्या अर्धतरंगी तारेस (लांबी सुमारे २० मीटर) उंची अधिक असावी हे खरे, तथापि तिलाही ९ मीटरवर समाधानकारक काम करता येते. यापुढील सर्व आकडेमोड याच उंचीची आहे.

स्तंभ पडतो तो केव्हा :

इतिहासातील एक उदाहरण उद्बोधक आहे. मार्कोनीने इंग्लंडमधील पोल्डू येथे अटलांटिकपार संदेशासाठी सुमारे २०० फूट उंचीच्या वीस स्तंभांचे वर्तुळ उभारले होते. हे स्तंभ शेंड्याशी एकमेकांना तारांनी जोडलेले होते. १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळात सगळे वर्तुळ कोसळले. पुढे दोन स्तंभांवर काम भागवून आणि पलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाने तार उचलून १२ डिसेंबर १९०१ रोजी त्याने संदेश घेतला. प्रत्येक स्तंभाला स्वतःचे स्वतंत्र ताण असावेत हा धडा तेथे मिळाला. आपल्याकडे १९२७ साली ब्रिटनशी बिनतारी संपर्कासाठी खडकी व दौंड येथे बीम केंद्रे उभी राहिली, त्यांतील उंच स्तंभ त्यानंतरच्या काळातले.

हौशी मंडळींचा ९ मीटरचा स्तंभ मात्र वादळात क्वचित पडतो. तो पडतो जुळणीच्या वेळी, कायमचे ताण बसण्यापूर्वी, शांत हवेत आणि खाली माणसे उभी असताना. त्यामुळे विचार करावयाचा तो तयार स्तंभाचा नव्हे, तर अर्धवट स्तंभाचा.

४० मिलिमीटर मापाच्या मध्यम प्रतीच्या जस्ती लोखंडी नळीचे वजन मीटरला सुमारे ३.६ किलो असते. ९ मीटरला ३२ किलो झाले. टोकावर अँटेना व फिटिंग ४ किलो धरू. नळी आडवी असताना बुंध्याभोवतीचा आघूर्ण ३२ गुणिले ४.५ अधिक ४ गुणिले ९, म्हणजे १८० किलो-मीटर भरतो. (येथे किलो हे बलाचे एकक म्हणून घेतले आहे. न्यूटनमध्ये हवे असल्यास ९.८१ ने गुणावे.) हीच नळी उभी होऊन केवळ ५ अंश कलली असेल तर आघूर्ण १६ किलो-मीटरहूनही कमी असतो व ६ मीटर उंचीवर बांधलेल्या दोराने तो सावरण्यास आडवे बल पावणेतीन किलोही लागत नाही. एक विद्यार्थी दोन बोटांनी स्तंभ धरून ठेवतो तो यामुळेच, आणि गाफील राहतो तोही यामुळेच. कल २० अंशांवर गेला की तोच आघूर्ण ६२ होतो. तेव्हा बोटे पुरत नाहीत, आणि धावत जाऊन दुसरा दोर धरण्यास वेळही उरत नाही.

वाऱ्याचे गणित यात मिळवावे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगास चौरस मीटरवर ६० न्यूटन दाब असतो. या वाऱ्यात आपल्या नळीवर व लहान यागी अँटेनेवर मिळून सुमारे २३ किलो-मीटर आघूर्ण येतो, म्हणजे ५ अंश कलापेक्षा अधिक. भारतीय मानकाने नागपूरसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, त्या वेगाला हाच आघूर्ण १९ पटींहून वाढतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वऱ्हाडात दुपारी चारनंतर एकाएकी जे वावधन सुटते त्याचा अनुभव असणाऱ्यांना, उभारणी सकाळी दहाच्या आत उरकावी ही सूचना वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

जुळणीसाठी आखूड खुंट :

पहिला टप्पा अँटेनेच्या जुळणीचा. यागीच्या आडव्या दांडीवर सळ्या समांतर बसविणे, केबलचे टोक जोडणे, सांध्यांना पाणी न शिरेल अशी पट्टी गुंडाळणे, ही कामे जमिनीवर पसरून केली तर सळ्या वाकतात आणि माती सांध्यांत जाते. त्यासाठी दीड मीटर उंचीचा आखूड खुंट उभा हवा व तो ओळंब्यात हवा, कारण सळ्यांची पातळी त्याच्यावरूनच ठरते.

हा खुंट उभा धरण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे नळीत नळी. ५० मिलिमीटर मापाच्या नळीचा ७५ सेंटीमीटरचा तुकडा घ्यावा, त्याच्या तोंडावर लाकडी ठोकळा ठेवून ६० सेंटीमीटर जमिनीत ठोकावा आणि त्यात ४० मिलिमीटरची नळी सोडावी. बाहेरच्या नळीचा आतील व्यास सुमारे ५३ आणि आतल्या नळीचा बाहेरील व्यास ४८ मिलिमीटर असल्याने जो थोडा खुळखुळ राहतो तो लाकडी पाचरींनी घालविता येतो. ठोकताना प्रत्येक चार-पाच घावांनंतर दोन बाजूंनी, एकमेकींशी काटकोनात, पाणसळ लावून पाहावी. एकदा वाकडी गेलेली नळी काळ्या मातीत हलवून सरळ होत नाही. ती हलविल्याने भोक तेवढे मोठे होते. अशा वेळी हातभर बाजूला नव्याने ठोकणे श्रेयस्कर.

ठोकणे शक्य नसेल तेथे तिकाटणे वापरावे. तीन पायांचे तिकाटणे खाचखळग्यांत डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एक प्रतल जातेच. परंतु त्याची एक उणीव सांगितली पाहिजे. पाय ज्या वर्तुळावर टेकले आहेत त्याच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावरच त्याची उलटण्याची कड असते. चौपाईत हे अंतर त्रिज्येच्या सात दशांश असते. म्हणून तिकाटण्याचे पाय चौपाईपेक्षा अधिक फाकवावेत व मध्यभागी मातीने भरलेली पोती टांगावीत. शिबिरात सर्वांत निर्धोक आधार मात्र वाहनाचा. लोखंडी जाड पट्टीला नळीचा उभा तुकडा जोडून घ्यावा, पट्टीवर ट्रॅक्टरचे वा जीपचे चाक चढवावे, की जमीन कशीही असो, खुंट हलत नाही. बैलबंडीच्या चाकालाही हे करून पाहिले आहे. बंडी रिकामी नसावी एवढेच.

आडवा ते उभा :

दुसरा टप्पा पूर्ण स्तंभ उभा करण्याचा. आठ-दहा विद्यार्थ्यांनी शेंडा उचलून बुंध्याकडे चालत येणे ही सर्वत्र रूढ असलेली रीत आहे. तिचे गणित मनोरंजक आहे. हात डोक्याच्या उंचीवर, १.८ मीटरवर, आहेत असे धरले तर लागणारे बल ५० किलो गुणिले कोनाच्या दुपटीचा साइन इतके येते. आरंभी, शेंड्याशी, ते २० किलो असते. कोन वाढतो तसे ते कमी न होता वाढत जाते आणि ४५ अंशांवर पूर्ण ५० किलो होते. त्या वेळी उचलणारे बुंध्यापासून केवळ अडीच मीटरवर आलेले असतात, नळीभोवती दोघातिघांनाच जागा मिळते आणि बाकीचे नुसतेच ओरडत असतात. आरंभीचा हलकेपणा फसवा आहे.

मग समोरून दोराने ओढावे काय? ६ मीटर उंचीवर बांधलेला दोर बुंध्यापासून ६ मीटरवरील खुंट्याकडे ओढला, तर ४५ अंशांच्या स्थितीत त्यावर ५५ किलो ताण येतो, हे ठीक. परंतु शेंडा नुकताच डोक्यापर्यंत उचलला असता, म्हणजे साडेअकरा अंशांवर, तोच ताण सुमारे २९० किलो होतो, कारण दोर नळीला जवळजवळ समांतर असतो. एवढ्या दाबाने नळी मध्येच कमानीसारखी वाकते. म्हणून आरंभ हातांनी व शेवट दोराने, ही विभागणी करावी. माणसे थोडी असतील तर बुंध्याशी ३ मीटरची सहायक बल्ली स्तंभाशी काटकोनात घट्ट बांधावी व दोर तिच्या टोकावरून न्यावा. मग आडव्या स्थितीतही दोरावर ६७ किलोच ताण येतो आणि स्तंभ उठतो तसा तो उतरत जातो. वीज खांब उभारणारे मजूर दोन बल्ल्या शेंड्याशी बांधून कैची करतात व खांबाला टप्प्याटप्प्याने टेकू देतात. आपल्या कामातही हातांनी उचललेले कैचीने धरून ठेवावे व मग माणसांनी जागा बदलावी, हे उत्तम. बुंध्याला बिजागरी असावी. ती नसेल तर समोरच्या बाजूस सब्बल ठोकून अटकाव करावा, कारण दोर ओढताच बुंधा पुढे सरकू पाहतो.

बाजूचे दोर :

सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी बाब ही. तयार स्तंभाला १२० अंशांवरचे तीन ताण पुरतात आणि पुस्तिकांत तेच दिलेले असतात. उभारताना मात्र चार हवेत, ९० अंशांवर. याचे कारण भौमितिक आहे. बिजागरीचा अक्ष दोन्ही बाजूंना वाढविला आणि त्या रेषेवरच बाजूचे दोन खुंटे ठोकले, तर स्तंभावरील कोणताही बिंदू उठताना त्या खुंट्यांपासून सारख्याच अंतरावर राहतो. म्हणजे स्तंभ आडवा असतानाच बाजूचे दोन्ही दोर ताणून पक्के बांधता येतात व ते शेवटपर्यंत तसेच ताठ राहतात. बाजूला झोक जाण्याचा प्रश्नच मिटतो.

ही अट काटेकोर आहे. खुंटा रेषेपासून अर्धा मीटर मागे, म्हणजे स्तंभ ज्या बाजूस निजला आहे तिकडे, सरकला तर आरंभी बरोबर बसलेला दोर शेवटी ३६ सेंटीमीटर अपुरा पडतो. पुढे सरकला तर उलट तेवढाच सैल होतो. उंचीचा फरकही असाच बाधतो. खुंटा बिजागरीच्या पातळीपेक्षा ३० सेंटीमीटर खाली असेल तर दोर उठताना २१ सेंटीमीटरने तोकडा पडतो. सपाट दिसणाऱ्या वावरातही धुऱ्यावर एक खुंटा आणि सरीत दुसरा, अशी वेळ येते. त्या वेळी पातळी नळीने मोजून घ्यावी आणि दोर सोडण्यासाठी एक माणूस नेमावा. दोर 'थोडा तोकडा आहे, ओढला की येईल' अशी समजूत येथे घातक ठरते, कारण येतो तो दोर नसून खुंटा असतो.

मागचा दोर विसरू नये. स्तंभ सरळ झाल्यावर ओढणाऱ्यांचा जोर एकदम संपत नाही व तो पुढे त्यांच्याच अंगावर येऊ शकतो. बांधणीची उंची ६ मीटर आणि खुंटा ६ मीटरवर, तर कर्ण सुमारे साडेआठ मीटर येतो. मागच्या दोराला तेवढ्यावर आधीच गाठ मारून ठेवली की स्तंभ बरोबर ओळंब्यात आल्यावर तो आपोआप अडतो. विद्यार्थ्यांना पायथागोरसचा इतका प्रत्यक्ष उपयोग अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

काळी जमीन आणि खुंटे :

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही जमिनीस लागू आहे. भातकुली, दर्यापूर भागात खरी परीक्षा खुंट्यांची होते. येथील मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकण खनिजे विपुल आहेत. ती पाणी पिऊन फुगतात, वाळली की आकसतात. मे महिन्यात वावराला हात जाईल अशा भेगा पडतात. पृष्ठभाग दगडासारखा कठीण लागतो, सब्बल वाजते, आणि खुंटा भक्कम बसला असे वाटते. वस्तुतः तो चहूबाजूंनी सुटलेल्या एका ढेकळात बसलेला असतो. खारपाणपट्ट्यातील जमिनीत सोडियमचे प्रमाण अधिक असल्याने पाऊस पडल्यावर निचरा होत नाही व तीच माती लोण्यासारखी मऊ होते.

एका खेड्यातील शिबिरात प्रस्तुत लेखकाच्या देखत असेच घडले. खुंटे सकाळी ठोकले होते, चारही बाजूंनी दोर ताठ होते, स्तंभ उभा झाला होता. कायमचे ताण आवळण्यापूर्वी बाजूचा एक खुंटा हातभर लांबीच्या ढेकळासह वर आला. आवाजही झाला नाही. सुदैवाने पंगतीची वेळ झाल्यामुळे त्या बाजूला कोणी नव्हते. खुंटा तपासून पाहिला तर तो जसाच्या तसा सरळ होता. चूक खुंट्याची नव्हती, जागा निवडणाऱ्याची, म्हणजे आमची, होती.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी पाळू लागलो. पहिली, खुंटा भेगेपासून दूर, शक्यतो झाडाच्या सावलीतल्या वा पायवाटेच्या दाबलेल्या जमिनीत ठोकणे. तो दोराशी काटकोन करील असा स्तंभापासून उलट बाजूस कललेला असावा. दुसरी, एकामागे एक खुंटे. स्काऊट व एनसीसीच्या विद्यार्थ्यांना पुढे तीन, मागे दोन, त्यामागे एक अशी रचना ठाऊक असते. पुढच्या खुंट्याचा माथा मागच्याच्या बुंध्याशी बांधला जातो. आपल्या स्तंभाला एकामागे एक असे दोन पुरतात. तिसरी व महत्त्वाची, प्रत्येक खुंटा ओढून पाहणे. वेचलेला कापूस मोजण्याचा लटकता काटा प्रत्येक गावात मिळतो. तो दोर व खुंटा यांच्यामध्ये अडकवून माणसांनी शंभर किलोपर्यंत ओढावे आणि मिनिटभर थांबावे. काटा मागे सरकू लागला तर खुंटा सरकत आहे असे समजावे.

स्तंभ पावसाळाभर राहणार असेल तर खुंटे पुरणारच नाहीत. ४४ मीटर वेगाचा वारा गृहीत धरला तर ४५ अंशांतील ताणावर शंभर किलोंहून अधिक ओढ येते व तिचा उभा घटक खुंट्याला सतत उपटत असतो. तेथे पुरलेले लाकूड हवे. मीटरभर खोल चर खणून त्यात आडवा ओंडका ठेवावा, त्याला बांधलेली तार तिरप्या खाचेतून वर आणावी. स्तंभाकडील चराची भिंत अजिबात उकरू नये, कारण भार तीच पेलते. भरावासाठी तीच काळी माती न वापरता बाहेरून आणलेला मुरूम कुटून भरावा. खारट ओलाव्यात तारेवरील जस्त लवकर जाते. म्हणून जमिनीत जाणारा भाग तारेऐवजी जाड सळईचा घेऊन त्यास डांबर फासावे व दिवाळीनंतर एकदा वीतभर उकरून पाहावे.

दोरांविषयी एकच सूचना. नायलॉनचा दोर ताणला जातो, अंबाडीचा भिजल्यावर आखडतो. तात्पुरत्या कामाला दोन्ही चालतात, पण रात्रभर स्तंभ दोरांवर सोडू नये.

जिल्ह्यातीलच एक परंपरा येथे आठवते. चांदूर रेल्वे तालुक्यातील सावंगा विठोबा येथे सत्तर फुटांहून उंच असे दोन झेंडे आहेत आणि गुढीपाडव्याला त्यांच्या खोळी, झेंड्याला पाय न लावता, दोरांच्या आधाराने बदलल्या जातात. उंच काठी न उतरविता, दोरांचा भार दोरांवरच ठेवून काम करण्याचे हे ज्ञान पुस्तकी नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जगभर नेलेला मल्लखांब याच्या उलट टोकाला आहे. तो ताणाशिवाय, केवळ पुरलेल्या भागावर उभा राहतो, आणि म्हणूनच तो आखूड व जाड असतो. आपला स्तंभ लांब व बारीक असल्याने त्याला मल्लखांबासारखे पुरण्याचा मोह उपयोगाचा नाही. तो बुंध्याशी उभा राहील आणि मध्येच वाकेल.

वीजवाहिनी आणि वेळ :

जागा ठरविताना प्रथम वर पाहावे. कृषिपंपांच्या वाहिन्या वावरातून कशाही गेलेल्या असतात. स्तंभ कोणत्याही दिशेला पडला तरी तारेला शिकणार नाही इतके अंतर हवे. ९ मीटरच्या स्तंभाला ते किमान १८ मीटर ठेवावे, कारण अँटेनेची लोंबणारी तार स्तंभापेक्षा दूर जाते. 'लाईन बंद आहे' हे कोणाच्याही सांगण्यावरून मानू नये.

उभारणीच्या वेळी आज्ञा देणारा एकच असावा व त्याने स्वतः कोणताही दोर धरू नये. तो बाजूला, स्तंभाच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, ओळंबा घेऊन उभा राहतो. प्राध्यापकाला हे काम जड जाते, असा अनुभव आहे. विद्यार्थ्यांची धडपड पाहून हात आपसूक पुढे होतो, आणि त्या क्षणापासून स्तंभाकडे पाहणारा कोणीच उरत नाही. स्तंभ उभा झाल्यावर प्रथम बाजूचे कायमचे ताण, मग मागचा, शेवटी पुढचा, या क्रमाने आवळावेत. उतरविताना क्रम उलटा. चारही कायमचे ताण आवळून झाल्यावरच तात्पुरते दोर सोडावेत, आणि तेही एका वेळी एकच.